चायनीजची गाडी आणि आपली चूल



आजचा विषय खाण्याचा आहे. त्यामुळे आज कोणाला पेंग येणार नाही, असे आम्ही धरून चालतो.

आपल्या आठवडे बाजारात पूर्वी भजी आणि भेळ एवढेच मिळे. आता त्यांच्या शेजारी 'चायनीज' असे लाल अक्षरांत लिहिलेली गाडी उभी असते. दिवे लागले की कढई खणखणू लागते, लसणाचा वास सुटतो आणि शाळेतली पोरे भोवती जमतात. आपल्या वर्गातल्या एका आक्कांनी आम्हांला विचारले, "गुरुजी, नातू रोज तिथं जातो. घरच्या भाकरीला हात लावत नाही. ते खाणं वाईट असतं का हो, का आम्हांलाच उगीच वाटतं?"

प्रश्न चांगला आहे. एका शब्दात मात्र उत्तर देता येत नाही.

पहिल्याने हे खाणे कोठून आले ते पाहू. चीनमधून काही लोक फार वर्षांपूर्वी कलकत्त्याला येऊन राहिले. त्यांत हक्का नावाची जमात होती. तेथल्या टांगरा भागात ते कातडी कमावण्याचा धंदा करीत. त्यांच्यावरूनच 'हक्का नूडल्स' हे नाव पडले. त्यांनी आपल्या चुलीवर आपल्या देशाची मिरची आणि आपला मसाला घेतला. मंचुरियनची गोष्ट तर आणखी गमतीची. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या आचाऱ्याने १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लबात तो पदार्थ प्रथम केला, असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. मंचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा मुलूख. तेथे जाऊन मंचुरियन मागितले तर कोणाला कळणारही नाही!

शेजवान चटणीचेही तसेच. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तेथल्या स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारे एक फळ घालतात. आपले कोकणातले तिरफळ त्याच्याच कुळातले. बांगड्याच्या आमटीत आपण घालतो तेच. पण गाडीवरच्या शेजवान चटणीत ते बहुधा नसते. असते लाल मिरची, लसूण आणि भरपूर तेल.

म्हणजे गाडीवरचे चायनीज हे अर्धे आपलेच आहे. मग चिनी माणूस घरी काय खातो? साधा भात, वाफवलेले मासे, पालेभाजी, पातळ सूप, सोयाबीनचे पनीर. भाजी बारीक चिरायची आणि मोठ्या आचेवर थोड्या तेलात भराभर परतायची, ही त्यांची रीत. भाजी बारीक असली की लवकर शिजते, सरपण वाचते. आच मोठी असली की भाजीला पाणी सुटत नाही. ही रीत चांगली आहे. ती आपण जरूर घ्यावी.

बिघडते कोठे? मैदा आणि तळण तर आहेच. पण आमच्या मते पहिला नंबर मिठाचा.

हिशेब करू. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात आमटी, भाजी, भाकरी, लोणचे सगळे आले. आता सोया सॉस घ्या. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ असते. गाडीवाल्याने एका प्लेटीत दोन चमचे ओतले की चार ग्रॅम झाले. शिवाय वरून मीठ, चटणीतले मीठ, दुसऱ्या सॉसमधले मीठ. एका प्लेटीत दिवसाचा शिधा संपला. घरी जाऊन जेवायचे ते वेगळेच.

मिठाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. मीठ जास्त झाले की रक्तदाब वाढतो. रक्तदाब वाढला की पक्षाघाताची भीती. एक हात लुळा पडलेला कर्ता माणूस ज्या घरात आहे, त्या घराला हे आम्ही सांगायला नको.

जपानची हकीकत ऐका. तेथले लोकही सोया सॉस आणि 'मिसो' खातात. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा. त्याचे आमटीसारखे सूप करतात. जोडीला खारवलेली भाजी आणि मासे. १९५१ पासून १९८० पर्यंत जपानात सर्वांत जास्त माणसे पक्षाघाताने दगावत. नागानो नावाचा तेथे एक डोंगराळ जिल्हा आहे. थंडी कडक, म्हणून भाज्या मिठात मुरवून ठेवायच्या. तेथल्या खेड्यांतल्या साध्या गृहिणी स्वयंसेविका झाल्या. त्या घरोघर गेल्या. बरोबर एक लहानसे यंत्र असे. ते सुपात धरायचे आणि मीठ किती ते घरच्या बाईला दाखवायचे. सूप बंद करा, असे त्या म्हणाल्या नाहीत. मिसो कमी घाला, भाज्या जास्त घाला, वाट्या कमी करा, असे म्हणाल्या. वर्षानुवर्षे हे काम चालले. २०१० च्या मोजणीत साऱ्या जपानात सर्वांत जास्त आयुष्य नागानोचे निघाले, पुरुषांचेही आणि स्त्रियांचेही. एकट्या मिठामुळे हे झाले असे कोणी म्हणत नाही. पण त्या बायांचा वाटा त्यात मोठा आहे.

आता गाडीवरच्या दुसऱ्या गोष्टी. अजिनोमोटोला लोक फार भितात. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकाने समुद्रातल्या शेवाळापासून ही चव शोधली. माफक घातले तर ते विष नव्हे, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण त्यातही मिठातला सोडियम असतो, मिठाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने. घरी त्याची गरज नाही. टोमॅटो आणि पातीचा कांदा चांगला परतला की चव येते.

रंगाला मात्र भ्यावे. तो भडक लाल रंग मिरचीचा नव्हे. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याच वर्षी गोव्यात म्हापशाच्या नगरपालिकेने जत्रेतल्या मंचुरियनच्या गाड्याच बंद केल्या. गाडी बंद करणे आम्हांला पटत नाही. गाडीवाला आपल्यातलाच पोरगा असतो. त्याचे घर त्यावर चालते. "बाबा, रंग घालू नकोस, सॉस निम्मा कर," असे दहा गिऱ्हाइकांनी सांगितले तर तो ऐकेल. त्याच्या तेलाकडेही बघावे. काळे पडले, दाट झाले, फेस येऊ लागला, तर ते तेल पुन:पुन्हा तापवलेले आहे असे समजावे आणि तेथे तळलेले खाऊ नये.

आता घरचे मंचुरियन. आपण कोथिंबिरीच्या वड्या आधी उकडतो ना, तसेच करायचे. चार माणसांना पाव किलो कोबी आणि एक गाजर किसून घ्या. किसाला आधी मीठ लावू नका. लावले तर पाणी सुटते आणि पीठ जास्त लागते. आले-लसूण-मिरचीचा ठेचा घाला. मावेल तेवढे बेसन आणि ज्वारीचे पीठ निम्मे-निम्मे घाला. मुटके वळून मोदकपात्रात पंधरा मिनिटे उकडा. मोदकपात्र नसेल तर पातेल्यावर चाळणी ठेवा. मग आप्पेपात्रात थेंब थेंब तेल सोडून खरपूस करा. कढईभर तेल वाचले.

रश्शासाठी चहाचे दोन चमचे तेल घ्या. त्यात लसूण, आले, कांदा, ढोबळी मिरची आणि एक टोमॅटो मोठ्या आचेवर परता. चहाचेच दोन चमचे सोया सॉस आणि अर्धा चमचा मीठ घाला. कपभर पाणी ओता. कॉर्नफ्लोअरऐवजी चमचाभर नाचणीचे पीठ पाण्यात कालवून लावा. आंबील दाटते तसा रस्सा दाटतो, आणि रंगही काळसर येतो. खाली उतरवून लिंबू पिळा. आंबटपणा असला की मीठ कमी पडलेले जिभेला कळत नाही. हिशेब केला तर माणशी मीठ सुमारे एक ग्रॅम झाले.

फ्राइड राइस म्हणजे आपला फोडणीचा भात. फरक एवढाच की भात जितका, तितकीच भाजी घ्यायची. फरसबी, गाजर, कोबी, मटार, जमल्यास एक अंडे किंवा मोड आलेले मूग. पण रात्रभर उघड्यावर राहिलेला भात घेऊ नका. उकळले तरी न मरणारे एक जंतुबीज तांदळात असते. भात कोमट राहिला की ते वाढते आणि विष तयार करते. पुन्हा तापवून ते विष जात नाही. फ्रीज असेल तर भात लवकर गार करून आत ठेवा. नसेल तर ताजा भात थोडा फडफडीत शिजवा, परातीत पसरा आणि गार होताच परता.

नूडल्सबद्दल फार बोलत नाही. मैद्याच्या नूडल्सऐवजी घरच्या गव्हाच्या शेवया भाज्यांत परतल्या तर पोरे खातात. मोमो हा नेपाळ-तिबेटकडचा पदार्थ तर आपल्या मोदकाचा भाऊच. कणकेची पारी, आत कोबी-गाजर, वर वाफ. तळलेला मोमो मागू नये, एवढेच.

शेवटी सोयाबीनचे. हे पीक मूळचे चीनकडचे. आज मराठवाड्यात आणि विदर्भात शेतेच्या शेते त्याने भरलेली असतात. आपण ते पोत्यात भरून विकतो आणि घरी दाणा ठेवत नाही. त्यात शंभर भागांत सुमारे छत्तीस ते चाळीस भाग प्रथिने असतात. चिनी लोक त्याचे पनीर करतात. त्याला टोफू म्हणतात. भिजवलेले सोयाबीन चोळून साले काढायची, पाणी घालून वाटायचे आणि फडक्यातून गाळायचे. ते दूध ढवळत चांगले पंधरा मिनिटे उकळायचे. कच्चे राहिले तर पचत नाही. ते ऊतू फार जाते, म्हणून पातेले मोठे घ्यावे. खाली उतरवून लिंबाचे पाणी घातले की फाटते. फडक्यात बांधून वर वजन ठेवावे. राहिलेला चोथा थालीपिठात घालून नीट भाजावा.

पुढच्या शनिवारी येथे हे करून पाहायचे आहे. येताना प्रत्येकीने एक वाटी सोयाबीन आदल्या रात्री भिजत घालून आणावे. स्वच्छ सुती फडकेही आणावे. लिंबे आम्ही आणू.