खेळाडूची फाइल



बक्षीस मिळवलेल्या सर्व खेळाडूंचं मनापासून अभिनंदन. आता बोलायचं आहे ते त्यांच्या पुढच्या निवडीबद्दल.

आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला. 2015 मध्ये तो सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरला आणि त्याच्यातला धावपटू तिथे सापडला. पुढे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 ला राष्ट्रकुलचं रौप्य आणि 2023 ला आशियाई सुवर्ण त्याने मिळवलं. पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत घडला, त्यानंतर काका पवारांकडे. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं.

धावपटूची वेळ घड्याळ सांगतं, पैलवानाची ताकद मॅटवर दिसते. सॉफ्टबॉलसारखा सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलीचं तसं नाही. दोन बेसमधलं अंतर 60 फूट. क्षेत्ररक्षण करणाऱ्या शॉर्टस्टॉपने जमिनीवरून आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकायला क्षणभर उशीर केला, की धावणारी सुरक्षित! हा क्षण वाचवणारी मुलगी संघाला सामना जिंकून देते, पण प्रमाणपत्रावर तिचं नाव इतर सगळ्यांसारखंच छापलं जातं.

अमेरिकेत हा खेळ शाळेपासून विद्यापीठापर्यंत रुजलेला आहे. तिथे विद्यापीठीय स्पर्धांच्या पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना खेळाडूशी थेट बोलण्याची मुभा अकरावीच्या वर्षी 1 सप्टेंबरपासून मिळते. त्यामुळे मुली आधीच कामाला लागतात. फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाचा छोटा व्हिडिओ काढतात, होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत धावण्याची वेळ मोजून ठेवतात, विद्यापीठांना स्वतःहून पत्रं लिहितात. शिवाय ठरवून दिलेले 16 शालेय विषय आणि त्यांत किमान गुण नसतील, तर उत्तम पिचरलाही मैदानात उतरता येत नाही. तिसऱ्या श्रेणीची विद्यापीठं तर खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. तिथे अभ्यासावर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते.

आपल्याकडची वाट शालेय स्पर्धांतून जाते: जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. वयोगट 14, 17 आणि 19. दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण, काही विद्यापीठांत खेळाडूंसाठी राखीव जागा, पुढे राज्य शासनाच्या नोकरीत 5 टक्के आरक्षण. यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणती स्पर्धा, कोणता स्तर, कोणतं स्थान हे तपासलं जातं. नोकरीच्या वेळी तर प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. नावातली एखादी वेलांटी किंवा जन्मतारखेतला एक आकडा चुकला, तरी हेलपाटे सुरू होतात. ती चूक प्रमाणपत्र हातात पडलं त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी.

कॉलेज निवडतानाही नुसती इमारत बघू नये. शारीरिक शिक्षण संचालक आहेत का, मुलींचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खरोखर उतरतो का, सराव कुठे होतो, बाहेरगावी जाण्याचा खर्च कोण करतं, हे प्रवेशाआधी विचारावं. आंतरविद्यापीठ स्पर्धेचा संघ याच सामन्यांतून निवडला जातो.

आणि एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. दिवाळीच्या सुमारास बीडमधली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांचा काळही साधारण हाच. जिल्ह्याच्या संघात निवड झालेली मुलगी त्या वेळी एखाद्या उसाच्या फडात धाकट्या भावंडांना सांभाळत असते आणि तिच्या जागी दुसरीचं नाव जातं. तिच्या खेळात काही कमी नव्हतं. तिला गावात राहायला सोय हवी होती. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी गावातल्या हंगामी वसतिगृहाची यादी तयार होते, तेव्हा या मुलींची नावं शाळेनेच पुढे करावीत आणि त्यांच्या आईवडिलांशी ऊसतोडीला निघण्याआधी बोलून घ्यावं.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती. नववीपासून प्रत्येक खेळाडूची एक फाइल शाळेत ठेवा. त्यात प्रमाणपत्रांच्या प्रती, जन्मदाखला, गुणपत्रिका, धावण्याच्या वेळा आणि मोबाइलवर काढलेल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओची नोंद असू द्या. पुढच्या शालेय स्पर्धांचे अर्ज भरायच्या आत हे काम पूर्ण करा, आणि पालकांनो, त्यासाठी लागणारे कागद याच आठवड्यात शाळेत आणून द्या.