डोकं वाचवलं, मग गुडघ्याचं काय?

आजच्या भागात आपण बोलणार आहोत अमेरिकन फुटबॉलबद्दल. म्हणजे तो लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळतात तो. त्यातल्या धडका तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिल्या असतील. मला आज त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल बोलायचंय, तो म्हणजे खाली, थेट गुडघ्यावर बसणारी धडक. आणि त्यातून एक प्रश्न विचारायचाय. खेळाडूचं डोकं वाचवायला केलेला नियम त्याच्या गुडघ्यावर उलटू शकतो का?

ज्यांना खेळ माहीत नाही, त्यांच्यासाठी पटकन सांगते. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. रिसिव्हर किंवा टाइट एंड तो झेलतो. समोरच्या संघाचा डिफेंडर त्याला पाडतो, हा झाला टॅकल. आपल्या कबड्डीतही घोटा पकडतात, पण ती हाताची पकड असते. इथे डिफेंडरवर हात वापरायची सक्तीच नाही. तो सुसाट पळत येऊन नुसता खांदा घालू शकतो.

आता चला 2013 मध्ये. ऑगस्ट महिना. एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, एक मोठी तडजोड जाहीर करते. डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे मेंदूचे आजार झाले, असं म्हणत साडेचार हजारांहून जास्त माजी खेळाडू कोर्टात गेले होते. तडजोडीचा आकडा होता 76.5 कोटी डॉलर. पुढे ही मर्यादासुद्धा काढून टाकली गेली. त्याआधी दोन-तीन वर्षांपासूनच लीगने डोक्यावरच्या धडकांबद्दल जबर दंड लावायला सुरुवात केली होती. 2010 मध्ये जेम्स हॅरिसन या डिफेंडरला एका धडकेसाठी 75,000 डॉलरचा दंड ठोठावला गेला होता. एवढा पैसा जातोय म्हटल्यावर सगळ्यांना एकच गोष्ट कळली, की वर मारायचं नाही.

आणि त्याच ऑगस्टमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधीच्या एका सराव सामन्यात, मायामी डॉल्फिन्सचा टाइट एंड डस्टिन केलर चेंडू झेलतो. ह्यूस्टनचा नवखा डिफेंडर डी. जे. स्वेरिंजर खाली वाकतो आणि थेट त्याच्या गुडघ्यावर येतो. केलरचे गुडघ्याचे तीन लिगामेंट फाटले आणि वाटीही सरकली. मायामीबरोबर त्याचा करार फक्त एका वर्षाचा होता. तो एनएफएलमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही. स्वेरिंजरचं म्हणणं काय, तर आताच्या नियमांमुळे खालीच मारावं लागतं.

डिसेंबरमध्ये पुन्हा तेच. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा रॉब ग्रॉन्कोव्स्की, साडेसहा फूट उंच, वजन जवळजवळ 120 किलो. क्लीव्हलँडचा टी. जे. वॉर्ड त्याच्यापेक्षा खूपच लहान चणीचा. वॉर्डने गुडघा निवडला, ग्रॉन्कोव्स्कीचे दोन लिगामेंट फाटले, सीझन तिथेच संपला. धडक नियमाप्रमाणे वैध होती. वॉर्डनेही नंतर साधारण तेच सांगितलं, की वर मारलं असतं तर दंड बसला असता.

आता जरा गुडघ्याचं समजून घेऊ. चेंडू झेलणाऱ्याची नजर वर असते. पाय खाली येतो, बुटाचे खिळे गवतात रुततात. पाय जमिनीत घट्ट आणि बाजूने कोणीतरी नव्वद किलोचा माणूस जोरात येतोय. गुडघा पुढे-मागे वाकण्यासाठी आहे, आडवा वाकण्यासाठी नाही. पाय निसटायला जागा नाही, म्हणून सगळा जोर लिगामेंटवर जातो. ऑपरेशन, मग फिजिओ, परत मैदानात यायला नऊ महिने ते वर्ष. त्या काळात कितीतरी खेळाडू उघड म्हणायचे, "डोक्यात मारा, पण गुडघ्यावर नको." ऐकून अंगावर काटा येतो ना? पण त्यांचा हिशोब बघा. गुडघा गेला तर पुढचा करार जातो, आजच्या आज. मेंदूचं दुखणं दिसतं वीस वर्षांनी.

मग तुम्ही म्हणाल, लीगला गुडघ्याचं महत्त्व कळतच नव्हतं का? कळत होतं की! जानेवारी 2006 मध्ये सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक कार्सन पामर गुडघ्यावरच्या धडकेने जखमी झाला, त्याच वर्षी क्वार्टरबॅकच्या गुडघ्याबद्दलचा नियम कडक झाला. सप्टेंबर 2008 मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये गेला. 2009 मध्ये स्पष्टीकरण आलं, की जमिनीवर पडलेल्या डिफेंडरने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घ्यायची नाही. लोक त्याला ब्रेडी रूलच म्हणतात. म्हणजे लीगचा चेहरा असलेला माणूस पडला की पुढच्या सीझनपर्यंत नियम तयार. चेंडू झेलणाऱ्याच्या गुडघ्यावर समोरून खांदा घालणं मात्र एरवी आजही चालतं. मला खटकतं ते हेच. लिगामेंट तर दोघांचं सारखंच असतं.

डिफेंडरची बाजूही ऐकायला हवी. डोकं आणि मान बंद, गुडघा पण बंद केला, तर त्याच्याकडे उरतो मांडीपासून छातीपर्यंतचा भाग. समोरचा माणूस स्थिर नसतो, तोही ऐन वेळी वाकतो. निर्णय घ्यायला सेकंदसुद्धा मिळत नाही. 2024 मध्ये हिप-ड्रॉप टॅकलवर बंदी आली तेव्हा हाच वाद झाला. या प्रकारात डिफेंडर मागून किंवा बाजूने पकडतो, वळतो, आपलं कंबरेखालचं अंग सोडून देतो आणि समोरच्याच्या पायावर बसतो. 2023 मध्ये बॉल्टिमोरच्या मार्क अँड्र्यूजचा घोटा असाच गेला होता. लीगच्या म्हणण्याप्रमाणे या टॅकलमध्ये दुखापतीचं प्रमाण इतर टॅकलच्या वीसपट किंवा त्याहून जास्त. शिक्षा 15 यार्ड. खेळाडूंच्या संघटनेने मात्र विरोध केला. कारण गंमत बघा, ज्यांचे पाय वाचणार तेच संघटनेत आहेत, आणि ज्यांना दंड बसणार तेही!

मग करायचं काय? माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. रग्बीत एक साधी अट आहे, की टॅकल करताना हातांनी पकडायचा प्रयत्न दिसलाच पाहिजे, नुसता खांदा घातला तर पेनल्टी. ही अट चेंडू झेलणाऱ्याच्या बाबतीत आणा, निदान तो झेलून सावरेपर्यंत. खाली जा, मांडी धरा, पाय कवेत घ्या, पण गुडघ्यावर स्वतःला फेकू नका. हात पसरून पकडायचं तर वेग आपोआप थोडा कमी करावा लागतो, आणि लहान चणीच्या डिफेंडरलाही मोठ्या माणसाला पाडायचा मार्ग उरतो. दुखापती शून्य होणार नाहीत, हे मलाही कळतं. पण केलरसारख्या खेळाडूला पाय टेकवायला निदान अर्धा सेकंद मिळेल.

डोकं वाचवणारा नियम चुकीचा नव्हताच. तो अर्धा होता. एका जागी दार लावलं की वारा दुसऱ्या फटीतून येणार, ती फट आधीच बघून ठेवायला हवी होती. पुढच्या वेळी एखादी जोरदार धडक रीलमध्ये दिसली, तर शेअर करायच्या आधी एकदा थांबवून बघा, पाडणाऱ्याचे हात कुठे आहेत ते.

चला, आज इथेच थांबते. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.