नदीची तब्येत माशाला विचारा

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. जीवशास्त्र दहावीलाच सुटले. तरी आज मासे आणि कांदे यांविषयी बोलणार आहे, कारण हा विषय मला माझ्या कामासारखाच वाटतो.

आमच्याकडे रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी होते. वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात तडा असू शकतो आणि थंडीच्या एखाद्या रात्री तो रूळ तुटतो. म्हणून तडा लहान असतानाच पकडायचा. नदीचेही तसेच. विषारी द्रव्य थोडे असेल तर मासा मरत नाही, पोहताना दिसतो; पण आत त्याच्या पेशींतील गुणसूत्रे तुटत असू शकतात.

पाण्याचा नमुना तपासला की त्या वेळी त्यात काय होते, तेही आपण शोधले तेवढेच कळते. मासा मात्र रात्रंदिवस त्याच पाण्यात असतो आणि सगळ्या द्रव्यांचा एकत्रित परिणाम सोसतो. आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते, माशाच्या असते. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटका तुकडा मागे राहिला, तर मुख्य केंद्रकाशेजारी एक इवलेसे केंद्रक दिसते. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. माशाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवायचा, अशा पेशी मोजायच्या आणि स्वच्छ पाण्यातल्या माशांशी ताडून पाहायच्या. आपल्या शेजारी लखनौला मत्स्य आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था आहे. मॅलॅथिऑन या कीटकनाशकाने माशांच्या पेशींना होणारी इजा तिथल्या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने तपासली. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

मासा नसेल तर कांदा चालतो! स्वीडनचे लेव्हान यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर ही वाट दाखवली. कांद्याची गुणसूत्रे सोळाच आणि चांगली मोठी, त्यामुळे मोडतोड सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते.

माझ्या मुलीने शाळेसाठी हा प्रयोग घरी केला. एक कांदा फिल्टरच्या पाण्यावर, दुसरा आमच्या मागच्या नाल्याच्या पाण्यावर. चौथ्या दिवशी पहिल्याला पांढरीशुभ्र लांब मुळे, दुसऱ्याची आखूड आणि तपकिरी. मुळे खुंटली म्हणजे गुणसूत्रे तुटलीच, असे नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. शिवाय दोष कोणत्या द्रव्याचा, हेही कांदा सांगत नाही. पण धोक्याचा सिग्नल मात्र देतो.

आपल्या कानपुरात जाजमऊच्या चामड्याच्या कारखान्यांमुळे क्रोमियमचा प्रश्न जुना आहे. सीसामऊचा मोठा नाला २०१८ साली अडवून वळवला, ही आनंदाची गोष्ट. पण नदी खरोखर बरी होते आहे का, हे दरवर्षी माशालाच विचारायला हवे.

आणि कारखान्यांकडे बोट दाखवताना आपलेही हात पाहू. काही स्वस्त पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट असते, म्हणजे शिसे आणि क्रोमियम दोन्ही. बाप्पाचा पितांबर त्याच रंगाने रंगवला, तर विसर्जनाबरोबर आपणही तेच नदीत सोडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणि विषारी रंग नकोत, असे स्पष्ट म्हटले आहे.

हौदातले विसर्जन ज्येष्ठांना रुचत नाही, हे मी जाणतो. माझी आईही म्हणायची, "बाप्पा वाहत्या पाण्यातच जायला हवा." नातीचे दोन कांदे पाहून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, हे पाणी जिथे जाते, तिथे बाप्पाला सोडता होय?" त्या वर्षी आमच्या घरचा मातीचा गणपती अंगणातल्या घंगाळात विसर्जित झाला. ती माती आज तुळशीत आहे.

मंडळाच्या मूर्तीबद्दल तुम्हीच ठरवा. माझी विनंती एवढीच, की साधी माती, हळद आणि गेरू यांवर यंदा विचार व्हावा. तडा लहान आहे तोवर पकडू या.

गणपती बाप्पा मोरया!