कैद कोणाला, दंड किती?

कायदा शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर एक आकडा लिहितो : ५,०१,७५० रुपये. भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी ७ जून २०१० रोजी युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीला केलेला हा दंड. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तिच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, हजारो माणसे मेली, लाखोंना इजा झाली. त्या गुन्ह्याची कंपनीपुरती शिक्षा ती एवढीच.

पाच लाखांचे समजते, वरचे १,७५० कुठले, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याचे उत्तर जुन्या भारतीय दंड संहितेत आहे. बेदरकारपणे जीव धोक्यात घातला तर कलम ३३६ खाली जास्तीत जास्त २५० रुपये, दुखापत झाली तर ५००, जबर दुखापत झाली तर १,०००. करा बेरीज. न्यायाधीशांनी इथे हात आखडला असे नाही, कायद्याची कमाल मर्यादाच तेवढी होती. उरलेले पाच लाख मात्र कलम ३०४-अ खालचे, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचे. त्या कलमात दंडाला वरची मर्यादाच नव्हती. तरीही आकडा पाच लाखांवर थांबला, हे मला आजही पटत नाही. दहा वर्षांपर्यंत कैदेचे सदोष मनुष्यवधाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बाजूला केले होते, त्यामुळे सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची कैद झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती. ती जमीन घेते, कर्ज काढते, दावे लावते. मग आरोपी का नसावी? दंड संहितेने १८६० सालीच ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचा समावेश केला होता. अडचण शिक्षेची होती. अनेक कायदे म्हणतात, ‘कैद आणि दंड’. कंपनीला कोठडीत कसे घालणार? २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले, की कैद सक्तीची असेल तिथे कंपनीवर खटलाच चालवता येणार नाही. याचा परिणाम पाहा. गुन्हा किरकोळ, नुसत्या दंडाचा असला की कंपनी सापडणार. गुन्हा इतका गंभीर की कैद टाळताच येत नाही, तर ती मोकळी! मे २००५ मध्ये स्टॅण्डर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी हे फिरवले : कैद शक्य नसेल तर दंड करा, पण खटला चालवा. दार उघडले, यात शंका नाही. मात्र दाराआड शिक्षा म्हणून दंडच आहे, आणि दंडाचे आकडे आपण वर पाहिलेच.

दुसरा प्रश्न मनाचा. गुन्ह्याला बहुधा दोषी मन लागते. कंपनीचे मन कोणाचे? इंग्लंडने याची मोठी किंमत मोजली. मार्च १९८७ मध्ये बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडेच ठेवून निघाली, पाणी आत शिरले, १९३ माणसे गेली. दरवाजे लावायचे ज्याचे काम, तो झोपला होता. दरवाजे लागले की नाही हे कप्तानाला सुकाणूजवळून दिसण्याची सोयच नव्हती. चौकशीत वरपासून खालपर्यंत ढिसाळपणा दिसला. तरीही मालक कंपनीवरचा खटला कोसळला, कारण वरच्या कोणा एका माणसाच्या डोक्यात सगळा दोष आहे असे दाखवता येईना. ढिसाळपणा वाटून घेतला की गुन्हा नाहीसा होतो, असे ते तर्कट होते. उलट १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये मनुष्यवधाबद्दल पहिल्यांदा दोषी ठरली ती एक छोटी कंपनी. तिथे मालक आणि कारभारी एकच होता, मन शोधायला लांब जावे लागले नाही.

२००७ मध्ये त्यांनी कायदा बदलला. आता एका माणसाचे मन शोधत बसावे लागत नाही. वरिष्ठांनी कामाची व्यवस्था कशी लावली होती, त्यात गंभीर कसूर होती का, हे पाहतात. दंडाला मर्यादा नाही, आणि आपल्या गुन्ह्याची जाहीर प्रसिद्धी करण्याचा हुकूमही न्यायालय कंपनीला देऊ शकते. हा शेवटचा हुकूम मला फार आवडतो. नावलौकिकावर जगणाऱ्याला तिथेच दुखते.

आपल्याकडे भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यूला आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कंपनीला वर्षांचा काय उपयोग? वर सांगितलेले २५०, ५०० आणि १,००० रुपये अनुक्रमे २,५००, ५,००० आणि १०,००० झाले. एक शून्य वाढले. बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, तर स्पर्धा आयोग उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. तो फौजदारी दंड नाही, हे खरे. पण उलाढालीवर दंड मोजायची रीत या देशात आहे, ती जिवांच्या बाबतीत वापरायला कोणी रोखले आहे?

काही जण म्हणतात, दंडाचा भार शेवटी भागधारकांवर आणि कामगारांवरच पडतो. पडतो खरा. म्हणून दोषी संचालकांवरचा खटला सोडून चालणार नाही. पण नफा वाटून घेताना भागधारक कोणी परका नसतो.

भोपाळमधल्या कंपनीत अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते. तीही या खटल्यात आरोपी होती. ती हजरच झाली नाही, भोपाळच्या न्यायालयाने तिला फरारी घोषित केले. पुढे २००१ मध्ये डाऊ केमिकलने ती विकत घेतली. २०१० च्या त्या निकालपत्रात तिला शिक्षा नाही.