ढोबळी मिरची, पोर्क आणि भात

'छिंगज्याओ रौस' हा चिनी घरांतला नेहमीचा पदार्थ: हिरव्या ढोबळी मिरचीसोबत परतलेलं पोर्क. भात आधीच शिजत टाकतात, कारण कढई तापली की सगळा खेळ काही मिनिटांचा.

खरी मेहनत सुरीची. 250 ग्रॅम पोर्क रेषांना आडवं, काडेपेटीतल्या काडीसारखं बारीक चिरायचं. सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि थोडं तेल चोळून 15 मिनिटं मुरवायचं. कॉर्नफ्लोअरचा थर मांसातला रस धरून ठेवतो. म्हणूनच मोठ्या आचेवरही ते चामट होत नाही. ही पायरी कधीच गाळू नये!

कढईत पोर्कची गर्दी केली तर पाणी सुटतं, मांस परतण्याऐवजी उकडतं. म्हणून थोडं थोडं परतून, गुलाबी रंग पूर्ण गेला की काढून ठेवावं. मग आलं, लसूण, ढोबळी मिरची; शेवटी पोर्क पुन्हा आत.