स्क्रीन रेकॉर्डिंग करताय? आधी अक्षर वाचता येतंय का बघा!

पनवेलहून बोलतोय. आजचा विषय स्क्रीन रेकॉर्डिंग. व्हिडिओ अडकत नाही आणि फुटतही नाही, असं सेटिंग कसं करायचं ते बघू.

गेमचं उदाहरण सगळेच देतात, मी सातबाराचं घेतो. विमानतळ आणि नैनामुळे आपल्या तालुक्यात हा उतारा घरोघरी लागतो. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. तुम्ही गावातल्या काकांसाठी व्हिडिओ केला: जिल्हा रायगड, तालुका पनवेल, मग गाव, मग सर्व्हे नंबर. पण व्हिडिओत १९ चा ११ दिसला तर? काकांच्या हातात दुसऱ्याच्याच जमिनीचा उतारा! म्हणून इथे क्वालिटी म्हणजे नुसती शायनिंग नाही.

लॅपटॉप असेल तर ओबीएस स्टुडिओ घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, वॉटरमार्क येत नाही. २०१२ पासून चालू आहे.

पहिलं, रिझोल्यूशन. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ उघडा. बेस आणि आउटपुट, दोन्ही तुमच्या स्क्रीनइतकंच ठेवा. स्क्रीन १९२० बाय १०८० असेल तर दोन्हीकडे तेच. आकडे वेगळे ठेवले की चित्र ताणलं किंवा दाबलं जातं आणि सगळ्यात आधी बारीक अक्षरं फुटतात. आणि हो, बघणारा मोबाइलवर बघणार आहे. ब्राउझरचा झूम १५० टक्के करा. हा जुगाड कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त कामाचा.

दुसरं, एफपीएस. फॉर्म, वेबसाइट, पीपीटी यांना ३० पुरे. गेमला ६०. साठ म्हणजे सेकंदाला दुप्पट चित्रं, म्हणजे मशीनला दुप्पट काम. जुना लॅपटॉप तिथेच दमतो.

तिसरं, एन्कोडर. x२६४ निवडलं तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. यादीत एनव्हेंक, क्विकसिंक किंवा एएमडीचा एन्कोडर दिसत असेल तर तो घ्या, कारण त्या कामासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो. रेट कंट्रोलमध्ये सीबीआर लाइव्हसाठी ठीक. रेकॉर्डिंगला सीक्यूपी घ्या आणि आकडा २० च्या आसपास ठेवा. इथे उलटा हिशोब आहे: आकडा कमी, क्वालिटी जास्त, फाइलही मोठी.

चौथं, फॉरमॅट. साधी एमपीफोर फाइल रेकॉर्डिंग नीट बंद झाल्यावरच पूर्ण होते. मध्येच लाइट गेली, पीसी बंद पडला, की तासाभराची मेहनत उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग वाचतो. नंतर ओबीएसच्याच फाइल मेन्यूतून 'रीमक्स' केलं की एमपीफोर तयार, क्वालिटी तीच.

आता एक मिनिटाची टेस्ट घ्या आणि स्टॅट्सची खिडकी उघडा. 'रेंडरिंग लॅग' वाढतोय? ग्राफिक्सवर ताण आहे, मागचे टॅब आणि गेम बंद करा. 'एन्कोडिंग लॅग' वाढतोय? एन्कोडर बदला, नाहीतर एफपीएस कमी करा. दोन्ही शून्याजवळ असतील तर बिनधास्त सुरू करा.

लॅपटॉप नाही? हरकत नाही. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, रेकॉर्डर फोनमध्येच येतो. आयफोनमध्ये तर २०१७ च्या आयओएस ११ पासून आहे. फोन तापला की वेग आपोआप कमी करतो, म्हणून कव्हर काढा, चार्जिंगवरून काढा आणि जागा मोकळी ठेवा. फोनच्या रेकॉर्डिंगचा एफपीएस कमीजास्त होत राहतो, त्यामुळे एडिटिंगमध्ये आवाज आणि चित्र पुढेमागे होतं. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून फाइल एकदा काढून घ्या.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. रेकॉर्डिंगआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. स्क्रीनवर ओटीपी आला तर तोही रेकॉर्ड होतो. सातबारावर माणसांची नावं असतात, कर्जाचा बोजा असतो. आपल्याच घरचा उतारा वापरा, तोही घरच्यांना विचारून, आणि एडिटमध्ये नावं झाका. व्हिडिओ एकदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून पुढे पसरला की परत बोलावता येत नाही.

तर या आठवड्यात एक मिनिटाची टेस्ट करा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या फोनवर दाखवा. चष्मा वर-खाली न करता त्यांना नंबर वाचता आला, तर तुमचं सेटिंग जमलं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!