हलगीचा सूर कोणता?



तमाशाच्या बोर्डावर ढोलकी आणि हलगी समोरासमोर येतात, तेव्हा ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष लयीकडे असतं. आज मी त्याच्या थोडं आधीची गोष्ट सांगणार आहे. ढोलकीवाला तुणतुण्याचा नाहीतर पेटीचा सूर ऐकतो आणि आपली पुडी त्या सुराला मिळेपर्यंत सोडत नाही. हलगीवाला मात्र हलगी जाळावर धरतो. कातडं तापलं, ताणलं, आवाज कडक निघाला की त्याची तयारी झाली. पट्टी कोणती, हे तो कुणाला विचारत नाही. दोन्ही वाद्यं चामड्याची, दोन्ही एकाच लयीची; मग एकाला सूर लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, असं का?

ताणलेली तार छेडली की तिच्या मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही उठतात. हिशेब असा सरळ जुळतो, म्हणून कानाला त्या सगळ्यांचा मिळून एक सूर ऐकू येतो. गोल ताणलेल्या साध्या कातड्याचं तसं नाही. तिथे मूळ कंपनानंतर 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट अशी आडवीतिडवी कंपनं निघतात. त्यांची मोट एका सुरात बांधता येत नाही. कानाला आघात कळतो, जोर कळतो. सूर ठरत नाही. हलगी, डफ, ताशा ही सगळी या घरातली.

तबल्याच्या, पखवाजाच्या, ढोलकीच्या पुडीवर मात्र शाई असते. लोहकीस आणि खळ यांचा काळा लेप थरावर थर देऊन चढवतात, मध्यभागी जाड आणि कडेला पातळ. प्रत्येक थर गुळगुळीत दगडानं घोटतात. घोटता घोटता शाईला बारीक भेगा पडतात, आणि त्या हव्याच असतात. त्या भेगांमुळे शाईनं जड झालेलं कातडंही मोकळेपणानं हलतं. या वजनानं ती आडवीतिडवी कंपनं मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागांवर सरकतात.

याचा शास्त्रीय उलगडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला. 1920 साली, कलकत्त्यात असताना, शिवकाली कुमार यांच्याबरोबर त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात यावर टिपण लिहिलं. नोबेल मिळाल्यावरही त्यांनी हा विषय सोडला नाही. 1934 साली बंगळुरात त्यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून ती वाजवली. कातडं जिथे स्थिर राहतं तिथे वाळू गोळा होते आणि कंपनाची आकृती डोळ्यांना दिसते. त्यांना आढळलं, की कंपनाचे पहिले नऊ प्रकार पाच सुरेल स्वनांमध्ये येऊन बसतात. हे वाचताना मला रामन यांच्याइतकाच आदर शाई भरणाऱ्या कारागिरांबद्दल वाटतो. सूत्र हाती नसताना, केवळ कानावर विसंबून त्यांनी हे साधलं, आणि त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

युरोपातल्या टिंपनीलाही सूर असतो, पण तिची वाट वेगळी. तिच्या कातड्यावर शाई नाही. कातड्याबरोबर हलणाऱ्या हवेचा भार आणि मध्य सोडून कडेकडे केलेला आघात, यांतून तिचा सूर उमटतो. आपल्याकडे वजन देण्याची कल्पना फार जुनी आहे. चर्मवाद्यांना नदीकाठची माती लावून स्वरात आणण्याचा विधी भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला आजही ओली कणीक लावतात.

सूर नसलेलं वाद्य कमी दर्जाचं, हा समज मला मुळीच मान्य नाही. तबलजीला गायकाची पट्टी बदलली की दुसरा तबला काढावा लागतो. काळी एकचा तबला काळी चारला चालत नाही. हलगी कुठल्याही पट्टीत कुणाशीही भांडत नाही. ताशाची तर्री ढोलांच्या गदारोळातही वेगळी ऐकू येते, आणि ढोल-ताशा पथकाला त्या वेळी नेमकं तेच हवं असतं.

आता तबल्याच्या जोडीला वाजणाऱ्या डग्ग्याकडे या. त्याची शाई मध्यावर नसते, एका बाजूला असते. घुमारा तर भरपूर, पण तबल्यासारखा एका जागी बांधलेला सूर नाही. वादक तळहाताची टाच कातड्यावर दाबत पुढे सरकवतो. ताण वाढतो आणि आवाज खालून वर चढत जातो. ‘धा’ वाजतो तेव्हा उजवीकडे तबला षड्जावर पक्का असतो आणि डावीकडे डग्गा गळ्यासारखा वळत असतो. उद्या तबला ऐकाल तेव्हा काही आवर्तनं फक्त डाव्या हाताकडे कान ठेवा.